'इन', 'ॲट', 'फॉर' की 'विथ': नोकरीबद्दल इंग्रजीत बोलताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही गोव्यात डिचोलीहून रोज वेर्ण्याला जाता. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये चार वर्षं केमिस्ट आहात, पण नेमणूक आणि पगार ठेकेदार एजन्सीकडून. आता आयर्लंडमधल्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत ठरली आहे. 'व्हेअर डू यू वर्क?' असं विचारलं तर 'आय वर्क इन' म्हणायचं, की 'ॲट', 'फॉर', 'विथ'? मैत्रीण म्हणते 'इन' चूकच. हॉटेलात असलेला भाऊ म्हणतो 'विथ' लावलं की वजन पडतं. तुम्हाला एकच बरोबर उत्तर हवं आहे.

एकच उत्तर मी देणार नाही, कारण ते दिलं तर तुमचं नुकसान होईल. हे चारही शब्द चालतात, पण ते एकाच गोष्टीचे चार पर्याय नाहीत. 'फॉर' म्हटलं की पगार कोण देतं ते कळतं. 'ॲट' म्हटलं की तुम्ही दिवसभर कुठे असता ते कळतं. 'इन' म्हटलं की तुम्ही कशाच्या आत आहात ते कळतं, मग तो विभाग असो, गाव असो की अख्खा धंदा. 'विथ' म्हटलं की सोबत कोण आहे किंवा हाताशी काय आहे ते कळतं. म्हणून आधी आपल्याला काय सांगायचं आहे ते ठरवायचं, शब्द त्याच्या मागून येतो. तुमच्या बाबतीत तर हा नुसता व्याकरणाचा प्रश्नच नाही. 'फॉर' चुकीच्या नावाआधी लावलात तर तुमच्या नोकरीची माहितीच चुकीची जाते. त्याकडे लवकरच येते.

मी फोंड्यात बरीच वर्षं नोकरी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. कारखान्यातली असतात, हॉटेलातली असतात, बोटीवर जायला निघालेली असतात. त्यांची अडचण इंग्रजी कच्चं असण्याची कमी आणि मराठी पक्कं असण्याची जास्त असते. आपण मराठीत हे शब्द कधी निवडत बसत नाही. 'बँकेत आहे', 'गोमेकॉला आहे', 'बोटीवर आहे', 'पात्रांवाकडे आहे' हे आपोआप तोंडात येतं (गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, पात्रांव म्हणजे मालक). तेच मग इंग्रजीत उतरवलं जातं: 'त' दिसला की 'इन', 'वर' दिसला की 'ऑन', 'कडे' दिसलं की गोंधळ.

'वर'चंच बघा, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'बोटीवर' म्हणजे 'ऑन अ शिप', बरोबर. 'साईटवर' म्हणजे 'ऑन साइट', बरोबर. 'ड्युटीवर' म्हणजे 'ऑन ड्युटी', तेही बरोबर. तीन वेळा जमलं की चौथ्या वेळी मोपाच्या विमानतळावर काम करणारा मुलगा बेधडक 'आय वर्क ऑन एअरपोर्ट' म्हणून मोकळा होतो. विमानतळाला इंग्रजीत 'ॲट' लागतो, 'ॲट द एअरपोर्ट'. थिवी स्टेशनवरच्या माणसालाही 'ॲट', 'ॲट थिवी स्टेशन'. 'कामावर आहे' याला तर 'ऑन वर्क' अजिबात नाही, 'ॲट वर्क', आणि मध्ये 'द' सुद्धा नाही. 'काउंटरवर बसते' म्हणायचं असेल तर 'ॲट द काउंटर', नाहीतर ऐकणाऱ्याला तुम्ही खरोखरच काउंटरच्या फळीवर चढून बसलेल्या दिसाल.

'कडे'ची गोष्ट उलटी आहे. तिथे मराठी आपल्याला नेमकी मदत करते, पण आपण ती घेत नाही. 'पात्रांवाकडे काम करतो', 'शेटकडे आहे', 'ठेकेदाराकडे लागलो' या सगळ्या 'कडे'चं इंग्रजी आहे 'फॉर'. पण शाळेत 'फॉर म्हणजे साठी' असं पाठ झालेलं असतं. त्यामुळे 'आय वर्क फॉर द कंपनी' म्हणताना मुलांना आपण कंपनीसाठी काही त्याग करतोय असं वाटतं आणि ती बिचकतात. ते 'साठी' विसरा. नोकरीच्या वाक्यात 'फॉर' म्हणजे 'कडे', आपण ज्याच्याकडे कामाला आहोत तो.

आता तुमच्या मुद्द्यावर येते. गोव्यातल्या कुठल्याही वसाहतीत, वेर्णा असो की कुंडई, नवा माणूस भेटला की दुसरा प्रश्न असतो, 'कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या?' सगळ्यांना ठाऊक असतं की एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलाशी दोन जणी उभ्या असतात आणि दोघींची पगाराची स्लिप वेगळ्या नावाने येते. इंग्रजी हा फरक 'ॲट' आणि 'फॉर'ने दाखवतं. तुम्ही त्या कंपनीत काम करता, म्हणजे 'ॲट' त्या कंपनीच्या नावाआधी. तुम्ही ठेकेदार एजन्सीकडे कामाला आहात, म्हणजे 'फॉर' एजन्सीच्या नावाआधी. 'आय वर्क फॉर' म्हणून कंपनीचं नाव घेतलंत तर तुम्ही तिच्या रोलवर आहात असा सरळ अर्थ निघतो. मुलाखत घेणारा तेच लिहून घेईल. पुढे कागदपत्रांची पडताळणी झाली आणि कंपनीच्या एचआरने 'आमच्या नोंदीत ही व्यक्ती नाही' असं कळवलं, तर खुलासा करत बसायची पाळी तुमच्यावर येईल, तीही परदेशातल्या माणसाला ईमेलवर. तुमच्या मनात फसवणूक नव्हती, दोन अक्षरांचा शब्द चुकला होता, हे त्याला कुठून कळणार?

म्हणून हे वाक्य जसंच्या तसं पाठ करा: 'आय वर्क ॲट अ फार्मास्युटिकल प्लांट इन वेर्णा, ऑन कॉन्ट्रॅक्ट, थ्रू अ स्टाफिंग एजन्सी.' यात 'ॲट' जागा सांगतो, 'इन' गाव सांगतो, 'ऑन' नेमणुकीचा प्रकार सांगतो आणि 'थ्रू' कोणामार्फत ते सांगतो. कंत्राटी असण्यात कमीपणा नाही. आयर्लंडमध्ये औषधनिर्मिती हा मोठा उद्योग आहे आणि एजन्सीमार्फत काम करणारे तिथेही आहेत. लपवलेली गोष्ट सापडते, सांगितलेली गोष्ट फक्त नोंदली जाते.

या वाक्यात मी मुद्दाम 'प्लांट' म्हटलं, 'कंपनी' नाही. याचं कारण नीट समजून घ्या, कारण वेर्ण्याच्या बसमध्ये बसणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडखळतो. आपल्याकडे 'कंपनी' म्हणजे इमारत. आपण कंपनीत जातो, कंपनीत जेवतो, कंपनीच्या गेटवर भेटतो. इंग्रजीत 'कंपनी' ही कायद्याने बनलेली संस्था. तिच्याकडे नोकरी करता येते, तिची बस असते, तिचा नफा होतो, पण सकाळी आठ वाजता तिच्यात पोचता येत नाही. पोचायची जागा म्हणजे 'प्लांट', 'फॅक्टरी', 'ऑफिस', 'लॅब'. 'आय विल रीच कंपनी ॲट एट' हे वाक्य इंग्रजी माणसाला अडतं. त्याजागी 'आय गेट टू वर्क ॲट एट' म्हणा. आणि 'आय ॲम इन कंपनी' याचा अर्थ होतो की मी चारचौघांत आहे, आत्ता मोकळेपणाने बोलता येणार नाही. फोनवर हे म्हणालात तर समोरचा 'बरं, नंतर करतो' म्हणून फोन ठेवायचा.

'इन'ला तुमची मैत्रीण सरसकट चूक म्हणते, ते खरं नाही. 'आय वर्क इन अ बँक', 'इन अ स्कूल', 'इन अ लॅब' हे अगदी शुद्ध आहे. तिथे तुम्ही ठिकाणाचा प्रकार सांगता. अडचण येते ती संस्थेचं विशेषनाव आलं की. त्या वेळी इंग्रजीचा कल 'ॲट'कडे किंवा 'फॉर'कडे जातो. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतला माणूस 'ॲट द नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ओशनोग्राफी' म्हणेल आणि पुढे 'इन दोना पावला' जोडेल. विद्यापीठातली प्राध्यापिका 'ॲट गोवा युनिव्हर्सिटी, ऑन द ताळगाव प्लेटो' म्हणेल, कारण पठार ही वर उभं राहायची जागा आहे. गोवा शिपयार्डातला वेल्डर कायम नोकरीत असेल तर 'फॉर गोवा शिपयार्ड', नुसती जागा सांगायची असेल तर 'ॲट गोवा शिपयार्ड'.

'इन'चा सगळ्यात उपयोगी वापर मात्र मुलं विसरतात. विभाग आणि क्षेत्र यांना नेहमी 'इन' लागतो: 'इन क्वालिटी कंट्रोल', 'इन अकाउंट्स', 'इन हाउसकीपिंग', 'इन टुरिझम', 'इन फार्मा'. 'व्हॉट डू यू डू?' असा प्रश्न आला तर याच 'इन'ने सुरुवात करावी. 'व्हेअर' विचारलं की जागा, 'व्हॉट' विचारलं की काम. गडबडीत दोन्ही प्रश्न सारखेच ऐकू येतात, तेव्हा पहिला शब्द कान देऊन ऐका.

गावांच्या बाबतीत शाळेतला एक नियम अजून डोक्यात असतो: मोठ्या शहराला 'इन', लहान गावाला 'ॲट'. जुन्या व्याकरणात तो होता आणि आपल्या सरकारी पत्रांत अजून 'ॲट बांबोळी', 'ॲट पर्वरी' दिसतं. गोव्यात हा नियम पाळायचा म्हटलं तर पंचाईतच होईल, कारण इथल्या मोठमोठ्या संस्था गावांतच आहेत. वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला, सचिवालय पर्वरीला, विमानतळ मोपाला, कारखाने वेर्ण्याला. आजच्या इंग्रजीत गाव कितीही लहान असलं तरी राहायला आणि कामाला 'इन' लावतात. 'इन वेर्णा', 'इन कुंडई'. गावाला 'ॲट' लागतो तो प्रवासातला थांबा म्हणून: 'द ट्रेन स्टॉप्स ॲट करमळी', 'चेंज ॲट मडगाव'. एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकते. वसाहतीला आपण 'इन द इंडस्ट्रियल इस्टेट' म्हणतो आणि ते चालतं. ब्रिटिश आणि आयरिश माणूस मात्र बहुधा 'ऑन ॲन इंडस्ट्रियल इस्टेट' म्हणेल. मुलाखतीत त्याच्या तोंडून 'ऑन' आलं तर दचकू नका आणि आपलं 'इन' दुरुस्तही करू नका.

'द' गाळल्याने 'इन'चा अर्थ कसा पालटतो हे गोमेकॉतल्या परिचारिकांना मी आवर्जून सांगते. ब्रिटिश इंग्रजीत 'आय ॲम इन हॉस्पिटल' म्हणजे मी दाखल आहे, खाटेवर आहे. कामाला असलेली परिचारिका 'आय ॲम ॲट द हॉस्पिटल' म्हणेल, आणि नोकरी सांगताना 'आय वर्क इन अ हॉस्पिटल' किंवा 'ॲट गोवा मेडिकल कॉलेज'. तसंच 'इन ऑफिस'. 'ही इज इन ऑफिस' हे मंत्र्याबद्दल म्हणतात, म्हणजे पदावर आहे, सत्तेत आहे. पर्वरीला सचिवालयात काम करणारा कारकून 'आय ॲम इन द ऑफिस' म्हणेल. मधला 'द' सोडायचा नाही. भारतात आपण एकमेकांशी बोलताना तो सर्रास सोडतो आणि एकमेकांना समजतंही, पण मुलाखत घेणारा डब्लिनमध्ये बसलेला आहे.

तुमच्या भावाच्या 'विथ'बद्दल. भारतात 'आय ॲम वर्किंग विथ' म्हणून कंपनीचं नाव घेणं इतकं रुळलं आहे की मी त्याला चूक म्हणत नाही. पण बाहेरच्या माणसाच्या कानाला 'वर्क विथ'मध्ये दोन वेगळे पक्ष ऐकू येतात. तुम्ही सल्लागार असाल, पुरवठादार असाल, आणि ती कंपनी तुमची गिऱ्हाईक असेल, असा त्याचा समज होऊ शकतो. तुम्ही आधीच एजन्सीमार्फत आहात, त्यात हा आणखी एक धूसरपणा कशाला? 'विथ' शोभतो तो वर्षं सांगताना, 'शी हॅज बीन विथ द कंपनी फॉर टेन इयर्स', आणि माणसं किंवा सामान सांगताना, 'आय वर्क विथ टू अदर केमिस्ट्स', 'आय वर्क विथ सॉल्व्हंट्स'. वजन पडण्यासाठी शब्द निवडू नये. आपलं काम नेमकं सांगता आलं की वजन त्यातूनच पडतं.

नेमकेपणाचं म्हणाल तर तुमच्या प्रयोगशाळेतलंच एक उदाहरण घ्या. तुम्ही गोळ्या तपासता आणि त्यात अशुद्धी आहे का ते बघता. हे सांगताना मुलं 'आय टेस्ट इम्प्युरिटीज' म्हणतात. त्याचा अर्थ अशुद्धीचीच परीक्षा घेता असा होतो. 'आय टेस्ट टॅबलेट्स फॉर इम्प्युरिटीज' म्हणा. जी वस्तू तपासता ती आधी, जे शोधता ते 'फॉर'नंतर. यंत्राला 'ऑन': 'आय रन सॅम्पल्स ऑन द एचपीएलसी'. नमुना 'फ्रॉम' बॅच. टीमला ब्रिटिश पद्धतीने 'इन', 'देअर आर सिक्स ऑफ अस इन द टीम'. अमेरिकन माणूस इथे 'ऑन द टीम' म्हणतो. दोन्ही बरोबर, पण एका मुलाखतीत एकच धरा. अशी चार वाक्यं बिनचूक आली की समोरच्याला कळतं, या मुलीने हे काम स्वतःच्या हाताने केलं आहे.

'ऑन'वर थोडं जास्त बोलते, कारण हे उत्तर वाचणाऱ्यांत बोटीवर जाणारे नक्की असतील. गोव्यातल्या तारवटींच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरात हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले असतात आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतात. जहाजाला 'ऑन', कारण त्यावर उभं राहता येतं, चालता येतं. याच कारणाने बस, ट्रेन आणि विमान यांनाही 'ऑन'. मोटार, टॅक्सी आणि लहान होडी यांना 'इन', कारण तिथे बसूनच राहावं लागतं. रायबंदर आणि चोडण यांच्यामधल्या फेरीबोटीवर काम करणारा 'ऑन द फेरी' म्हणेल, आणि पगार नदी परिवहन खात्याचा म्हणून 'फॉर द रिव्हर नॅव्हिगेशन डिपार्टमेंट'. कदंबाचा कंडक्टर 'ऑन द बसेस', पण 'फॉर कदंब ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन'. मांडवीतल्या कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्या मुलीला एका वाक्यात तीन शब्द लागतात. बोट म्हणून 'ऑन अ कॅसिनो शिप', आतली जागा म्हणून 'इन द कॅसिनो', आणि तिचं टेबल म्हणून 'ॲट द ब्लॅकजॅक टेबल'. तिन्ही शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

जहाजावर पोचल्यावरही हे संपत नाही. 'ऑन डेक', 'ऑन द ब्रिज', पण 'इन द इंजिन रूम' आणि 'इन द गॅली'. जहाज समुद्रात असलं की 'ॲट सी', नांगरलेलं असलं की 'ॲट अँकर', बंदरात असलं की 'इन पोर्ट'. मुरगाव बंदरात नोकरी करणाऱ्या माणसाने मात्र 'आय वर्क ॲट द पोर्ट' म्हणायचं. समुद्रावर शब्द चुकला तर जिवावर बेततं, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली जहाजांवरच्या संभाषणासाठी ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला. बोटीवर जायची तयारी करणाऱ्याने तो वाचावा. हे छोटे शब्द तिथे कामाच्या संदर्भात सापडतात आणि म्हणून लक्षात राहतात.

हॉटेलवाल्यांना एक-दोन गोष्टी. बारटेंडरने 'आय वर्क बिहाइंड द बार' म्हणावं. 'ॲट द बार' बसतं ते गिऱ्हाईक. रिसेप्शनला 'ॲट द फ्रंट डेस्क' कुठेही चालतं, ब्रिटिश लोक 'ऑन रिसेप्शन'ही म्हणतात. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या जागेत, काम करणाऱ्याने 'ॲट अ बीच शॅक' म्हणावं आणि 'बीच' शब्द गाळू नये, कारण गोव्याबाहेर नुसता 'शॅक' म्हणजे मोडकीतोडकी झोपडी. आचाऱ्याच्या हाताखाली शिकलात तर 'अंडर' छान बसतो, 'आय ट्रेन्ड अंडर द हेड शेफ'. 'अंडर' माणसाला लावा. कंपनीला लावू नका. रोजचा वरिष्ठ सांगायचा असेल तर 'आय रिपोर्ट टू द शिफ्ट इन-चार्ज' हे अधिक सरळ.

आता 'सिन्स'. हा जागेचा शब्द नाही, पण नोकरीचं वाक्य याच्याशिवाय पूर्ण होत नाही आणि आपल्याकडची सगळ्यात ठळक चूक हीच आहे. 'चार वर्षांपासून काम करते' याचं आपण 'आय ॲम वर्किंग सिन्स फोर इयर्स' करतो. मराठीचा 'पासून' दोन्हीकडे चालतो, '2023 पासून' आणि 'चार वर्षांपासून'. इंग्रजी तिथे दोन वाटा करतं. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', किती काळ लोटला ते सांगायचं तर 'फॉर'. मोपाचं विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं. तिथे पहिल्या दिवसापासून असलेला माणूस 'आय हॅव बीन वर्किंग ॲट द एअरपोर्ट सिन्स जानेवारी 2023' म्हणेल. तुम्ही 'आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फोर इयर्स' म्हणा. 'आय ॲम वर्किंग' नको, 'आय हॅव बीन वर्किंग'. हे तोंडात बसायला वेळ लागतो, तेव्हा आजपासूनच मोठ्याने म्हणायला लागा. मनात म्हणून उपयोग होत नाही.

काही क्रियापदांना काहीच लागत नाही, तिथे आपण उगाच जोडतो. 'आय जॉइन्ड द कंपनी', 'जॉइन्ड इन' किंवा 'जॉइन्ड टू' नाही. 'वी डिस्कस्ड द रिझल्ट', 'अबाउट' नाही. राजीनाम्याला 'फ्रॉम' आणि अर्जाला दोन लागतात: कंपनीला 'टू', पदाला 'फॉर'. एवढं पुरे.

सराव कसा करायचा तेही सांगते. कोऱ्या कागदावर आपल्याच नोकरीबद्दल पाच वाक्यं लिहा: पगार कोण देतं, इमारत कुठली, विभाग कुठला, गाव कुठलं, हाताशी काय असतं. दुसऱ्याच्या पुस्तकातली वाक्यं नकोत, तुमचीच हवीत. शंका आली की शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी शब्दकोशात 'वर्क' हा शब्द उघडा. तिथे प्रत्येक शब्दासोबत नमुना वाक्य असतं. आणखी खोलात जायचं असेल तर 10 कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस इंटरनेटवर शोधता येतो. 'वर्क ॲट' टाकून बघा, मग 'वर्क फॉर' टाका, आणि पुढे कुठली नावं येतात ती वाचत जा. नियम पाठ करण्यापेक्षा अशी पन्नास खरी वाक्यं डोळ्यांखालून गेलेली बरी.

मुलाखतीत मात्र एका चुकलेल्या 'इन'साठी थांबून माफी मागू नका. बोलणं तोडलंत तर त्या चुकीपेक्षा तेच जास्त लक्षात राहतं. ज्या दोन ठिकाणी चूक परवडणार नाही ती मी वर सांगितली आहेत: कंपनीच्या नावाआधी 'फॉर' नको, आणि चार वर्षांआधी 'सिन्स' नको. बाकी जिभेवर येईल तसं येऊ द्या.

राहिला तुमचा बायोडेटा. तिथे यातला जवळजवळ कुठलाच शब्द लागत नाही, कारण तिथे वाक्यं नसतात. पहिल्या ओळीत पद, दुसऱ्या ओळीत एजन्सीचं नाव, कारण नेमणूकपत्र तिचं आहे, आणि तिसऱ्या ओळीत 'डेप्युटेड टू' लिहून कंपनीचं नाव, मग 'वेर्णा, गोवा' आणि वर्षं. नेमणूकपत्रावर एजन्सीचं जे पूर्ण नाव छापलेलं आहे तेच, तसंच्या तसं उतरवा. पगाराच्या स्लिपवरचं संक्षिप्त नाव नको. मुलाखतीआधी ही ओळ आणि तुमचं तोंडी उत्तर एकदा शेजारी ठेवून जुळतात का ते बघा.